पेशव्यांच्या हरवलेल्या सोन्याचा उगम : मते, हिशेब आणि दंतकथा

प्रस्तावना

३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळील धोलकोट येथे दुसरा बाजीराव पेशवा सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. शंभर वर्षांच्या पेशवाईचा शेवट पुण्यात न होता खानदेशाच्या सीमेवर, सातपुड्याच्या सावलीत झाला. या शरणागतीपाठोपाठ एक प्रश्न निर्माण झाला आणि तो दोन शतके टिकून राहिला. अटकेपर्यंत मोहिमा करणाऱ्या, दक्षिणेत म्हैसूरपर्यंत चौथाई वसूल करणाऱ्या या सत्तेचे सोने गेले कोठे? लोहगड, रायगड, सिंहगड, मेणवलीचा वाडा, ब्रह्मावर्ताची विहीर अशा अनेक ठिकाणांशी या सोन्याचा संबंध जोडला जातो. खानदेश व बागलाण भागांतील किल्ले, घाट आणि पडक्या गढ्यांविषयीही गुप्तधनाच्या कथा सांगितल्या जातात आणि त्यांतील धनाचे मूळ पुष्कळदा ‘पेशवाईतले’ असेच सांगितले जाते.

या खजिन्याच्या उगमाविषयी जी मते मांडली जातात ती स्थूलमानाने तीन आहेत. पहिल्या मतानुसार हे सोने नाना फडणवीसांचे खासगी धन होते. दुसऱ्या मतानुसार तो पेशव्यांचा सरकारी खजिना होता. तिसऱ्या मतानुसार ते बाजीरावाने ब्रह्मावर्तास नेलेले आणि १८५७ मध्ये नानासाहेबांनी दडविलेले द्रव्य होते. या मतांची उपलब्ध नोंदींच्या आधारे तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. येथे एक गोष्ट प्रारंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘सोने कोणाचे?’ हा प्रश्न इतिहासकारांनी विचारण्यापूर्वी विजेत्या सैन्याने विचारला होता, कारण त्याच्या उत्तरावर लुटीची वाटणी अवलंबून होती. दंतकथेचे बरेचसे कोडे या एका वस्तुस्थितीत दडलेले आहे.

सोने मुळात आले कोठून?

महाराष्ट्रात सोन्याच्या खाणी नाहीत. मराठ्यांच्या व्यवहारातील मुख्य नाणे चांदीचा रुपया हे होते. सोने बाहेरून येई. कर्नाटकातील खंडणीबरोबर होन येत, मोगली टांकसाळींच्या मोहरा उत्तरेकडून व सुरतेहून येत आणि व्हेनिसची सुवर्णनाणी तांबड्या समुद्राच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. या शेवटच्या नाण्यांनाच आपल्याकडे ‘पुतळी’ म्हणत. पुतळ्यांची माळ हा दागिना त्यांच्यावरूनच रूढ झाला.

सुरतेस उतरलेल्या धनाचा एक मार्ग आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने सुरत ते बऱ्हाणपूर या रस्त्यावरील मुक्कामांमध्ये नवापूर, नंदुरबार व थाळनेर यांची नावे दिली आहेत. (नवापूरच्या सुवासिक तांदळाचीही त्याने आवर्जून प्रशंसा केली आहे.) ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, तेव्हा परतीचा मार्ग बागलाणातून होता आणि १७ ऑक्टोबर रोजी वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई होऊनही लूट सुखरूप पुढे गेली. ती लूट स्वराज्याच्या खर्चात, किल्ल्यांच्या बांधकामात व सैन्याच्या पगारात वापरली गेली. बागलाण-खानदेशात ती पुरली गेली असे मानण्यास आधार नाही. तथापि ‘सुरतेचे सोने’ आणि ‘पेशव्यांचे सोने’ या दोन आठवणी लोककथेत सहज एकमेकींत मिसळू शकतात, कारण दोन्ही याच रस्त्याच्या आसपासच्या आहेत.

पेशव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. ही सत्ता श्रीमंत असली तरी बहुतेक काळ कर्जबाजारी होती. मोहिमा सावकारांच्या कर्जावर निघत आणि वसुलातून ते कर्ज फिटत असे. माधवराव पेशव्यांना मृत्युसमयीही कर्जफेडीची चिंता होती, हे सर्वश्रुत आहे. अशा राज्यात भरलेले तळघर पिढ्यान्पिढ्या पडून राहण्याची शक्यता मुळातच कमी ठरते. संचय झाला तो दोन ठिकाणी झाला. एक, नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याच्या हाती आणि दुसरा, १८०२ च्या वसईच्या तहानंतर मोहिमांचा खर्च उरला नाही तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या हाती.

पहिले मत : नानांची दौलत

नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी पुण्यात मरण पावले. त्यांची संपत्ती लोकमुखी नऊ कोटींची होती. मराठीत अतिश्रीमंत माणसाला ‘नवकोट नारायण’ म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे हा आकडा मोजून आला की म्हणीतून आला, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. मात्र नानांजवळ मोठे द्रव्य होते आणि ते त्यांनी निरनिराळ्या ठिकाणी ठेवले होते, हे तत्कालीन घटनांवरून स्पष्ट दिसते.

या घटनाक्रमात १७९७ व १७९८ ही वर्षे महत्त्वाची आहेत. डिसेंबर १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या सैन्यातील अधिकारी मायकेल फिलोज याने नानांना विश्वासघाताने कैद केले आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. बाजीरावाने शिंद्यांना गादीच्या बदल्यात जी प्रचंड रक्कम कबूल केली होती ती उभी करण्यासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यातील धनिकांचा अमानुष छळ केला. नानांचे नातलग गंगाधरपंत भानू यांना तापलेल्या तोफेला बांधण्यात आले आणि त्यातच त्यांचा अंत झाला, असे ग्रँट डफने नोंदविले आहे. पुढे ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ विजय मिळविल्यावर पुण्यावर पुन्हा वसुलीचा वरवंटा फिरला. पैसा आहे असा नुसता संशय येणे हेच ज्या शहरात प्राणघातक होते, तेथे लोकांनी द्रव्य जमिनीत, भिंतीत, विहिरीत पुरले नसते तरच नवल. जुन्या वाड्यांच्या पायात आजही अधूनमधून मडक्यात नाणी मिळतात. ही एखाद्या कुटुंबाची शिल्लक असते आणि तिचे मूळ राजकोशापेक्षा या भीतीत अधिक आहे.

लोहगडाची कथा नानांच्या धनाशी निगडित आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नानांनी या गडाची व त्याच्या दरवाजांची दुरुस्ती केली, तेथे सोळा कोनी तळे बांधले आणि गडाची व्यवस्था धोंडो बल्लाळ निजसुरे या विश्वासू माणसाकडे दिली. नानांनी आपले द्रव्य लोहगडावर ठेवले होते, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या इंग्रजकालीन गॅझेटियरमध्येही आहे. गडाच्या दरवाजाच्या पायात एका दांपत्याला जिवंत पुरले आणि त्यांच्या घराण्यास पाटीलकी मिळाली, अशी कथाही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, बळी आणि गुप्तधन यांची सांगड लोकमानसात किती जुनी आहे हे तिच्यावरून कळते.

नानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संपत्तीवरून बाजीराव आणि दौलतराव यांच्यात स्पर्धा लागली. त्यांच्या पश्चात उरलेली पत्नी जिऊबाई त्या वेळी अवघ्या नऊ वर्षांची होती. धोंडोपंत निजसुरे यांनी लोहगड बाजीरावाच्या हाती सहजासहजी दिला नाही आणि जिऊबाई गडावर त्यांच्या आश्रयाला राहिली. अखेर १८०३-०४ च्या सुमारास जनरल आर्थर वेलस्ली याने मध्यस्थी केली. जिऊबाईने इंग्रजांच्या संरक्षणाखाली पनवेलीस राहावे आणि तिला दरसाल १२,००० रुपये मिळावेत, असे ठरले. पनवेल येथे लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाने तिची भेट घेतली होती.

या मताची कमकुवत बाजू येथेच दिसते. जिच्या नावावर कोट्यवधींचा खजिना सांगितला जातो, त्या विधवेने बारा हजारांच्या नेमणुकीवर समाधान मानले. खजिना तिच्या ताब्यात होता आणि तो तिने लपविला, असा प्रतिवाद केला जातो. पण गडावर असलेले द्रव्य तीन-चार वर्षांच्या शिबंदीच्या पगारात बहुतांशी संपले असावे, हा सरळ तर्क अधिक पटण्याजोगा आहे. वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यावर सर्वांत आधी जे संपते ते रोख द्रव्यच. मार्च १८१८ मध्ये इंग्रज फौज लोहगडावर पोहोचली तेव्हा गड प्रतिकाराविना मिळाला आणि तेथे नानांचा ‘नवकोट’ सापडल्याची नोंद नाही.

दुसरे मत : पेशव्यांचा सरकारी खजिना

हे मत अधिक भक्कम आहे, कारण त्याला न्यायालयीन कागदांचा आधार आहे. इजाऱ्याने मामलती देऊन दुसऱ्या बाजीरावाने मोठा संचय केला होता, हे एल्फिन्स्टन व ग्रँट डफ या दोघांच्या लिखाणावरून दिसते. १८१७ मध्ये इंग्रजांशी संबंध बिघडू लागताच त्याने मौल्यवान चीजवस्तू पुण्याबाहेर, मुख्यतः रायगडासारख्या किल्ल्यांवर हलविण्यास प्रारंभ केला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. सिंहगड मार्च १८१८ च्या आरंभी पडला. रायगडावर कर्नल प्रॉथर याने तोफांचा मारा केला, त्यात वाडा जळाला आणि १० मे १८१८ रोजी गड स्वाधीन झाला. त्या वेळी बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. तिला सन्मानाने जाऊ देण्यात आले. जळक्या वाड्याच्या ढिगाऱ्यात सुमारे पाच लाख रुपयांची नाणी मिळाली.

पाच लाख ही रक्कम मोठी होती, पण अपेक्षेच्या मानाने ती अगदीच थोडी भरली. ‘उरलेले कोठे?’ हा प्रश्न त्याच क्षणी निर्माण झाला आणि तो विचारणारे लोक गावकरी नव्हते, तर कंपनीचे अधिकारी होते. संशय नारो गोविंद औटी यांच्यावर गेला. नारोबा या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ पेशव्यांच्या विश्वासातील होते आणि रायगडावर जबाबदारीच्या जागी होते. गड स्वाधीन करण्याच्या करारानुसार खासगी मालमत्ता घेऊन जाण्याची मुभा त्यांना मिळाली आणि ते पुण्यास येऊन राहिले. जुलै १८१८ मध्ये पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्ट्‌सन यांनी त्यांना अटकेत ठेवून त्यांच्या घरातील मोठे द्रव्य जप्त केले. अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे पेशव्यांचे सरकारी धन होते. नारोबांच्या बाजूचे म्हणणे मात्र असे होते की, ते त्यांचे स्वतःचे असून कराराने सुरक्षित होते.

नारोबांच्या इस्टेटीच्या वतीने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात थेट एल्फिन्स्टन यांच्यावर दावा लावण्यात आला आणि आश्चर्य म्हणजे तो जिंकलाही गेला. एका माजी गव्हर्नराविरुद्ध पुण्यातील एका जप्तीबद्दल निकाल लागावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १८३० मध्ये निकाल फिरला. जप्तीची वेळ, स्थळ व व्यक्ती ध्यानात घेता युद्ध पुरते शमले नव्हते, म्हणून ही कृती शत्रूच्या मालाची जप्ती ठरते आणि तिच्याविषयी निर्णय करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाही, असे त्या निकालाचे सार होते. ‘एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद’ या नावाने हा खटला आजही कायद्याच्या ग्रंथांत उद्धृत केला जातो. सोने कोणाचे होते, या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र न्यायालयाने दिलेच नाही. ते देण्याची गरजच उरली नाही. दंतकथेला जागा मिळाली ती नेमकी या मौनामुळे.

दुसरीकडे लुटीच्या वाटणीचा वाद चालूच होता. सर थॉमस हिस्लॉपच्या दख्खन सैन्याचे म्हणणे होते की लूट त्यांची. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या मोठ्या सैन्याचे म्हणणे होते की आमचाही वाटा आहे. याच हिस्लॉपने २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठी थाळनेरचा किल्ला घेतल्यावर किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले होते. इंग्लंडमध्ये वाटणीच्या कामावर दोन विश्वस्त नेमले गेले, ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स आर्बथनॉट. हा ड्यूक म्हणजे पूर्वीचा जनरल आर्थर वेलस्लीच. नानांच्या बालविधवेला बारा हजारांची नेमणूक मिळवून देणारा माणूसच दोन दशकांनंतर पेशव्यांच्या सोन्याचे वाटे पाडावयास बसला होता. वाटणीचे वाद १८३० नंतरही न्यायालयांपुढे चालू राहिले. तोवर लढाईतील कित्येक शिपाई मरून गेले होते.

जवाहिराचा एक धागा मात्र शेवटपर्यंत शोधता येतो. नाशिकचा हिरा म्हणून प्रसिद्ध असलेला, सुमारे नव्वद कॅरेट वजनाचा पेशव्यांचा हिरा कर्नल जॉन ब्रिग्ज याच्या हातून हेस्टिंग्जकडे गेला, असे सांगितले जाते. ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट. हा हिरा लंडनला गेला, १८३७ च्या लिलावात ७,२०० पौंडांना विकला गेला आणि मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरच्या घराण्यात राहिला. विसाव्या शतकात अमेरिकेत त्याला नवे पैलू पाडण्यात आले तेव्हा त्याचे वजन ४३.३८ कॅरेट एवढेच उरले. पेशव्यांची दौलत ‘हरवली’ असे म्हणताना तिचा हा भाग दिवसाढवळ्या, पावती देऊन-घेऊन गेला हे लक्षात ठेवावे लागते.

तिसरे मत : ब्रह्मावर्ताचे सोने

धोलकोट येथे शरण येताना बाजीरावाजवळ किती द्रव्य होते? शरणागतीनंतर अवघ्या काही दिवसांत त्याच्याच अरब शिबंदीने थकलेल्या पगारासाठी त्याला घेरले आणि माल्कमला मध्ये पडून त्याची सुटका करावी लागली. बाजीरावाचा कृपणपणा जमेस धरला तरी, सोन्याचे तांडे बाळगणारा माणूस जीव धोक्यात घालून शिपायांचे पगार थकवील, हे संभवनीय वाटत नाही. खानदेशातून जाताना त्याने खजिना पुरला या समजुतीला हा प्रसंग चांगलाच छेद देतो.

ब्रह्मावर्तास त्याला दरसाल आठ लाख रुपयांची नेमणूक मिळाली आणि तो १८५१ पर्यंत जगला. सुमारे बत्तीस वर्षांत ही रक्कम अडीच कोटींच्या वर जाते. हजारो आश्रितांचा खर्च वजा जाता त्याच्या मृत्यूच्या वेळी शिल्लक राहिलेली दौलत इंग्रज अधिकाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे अठ्ठावीस ते तीस लाखांच्या घरात होती आणि तिचा सर्वांत मोठा भाग कंपनी सरकारच्या कर्जरोख्यांत होता. पेशव्यांच्या शेवटच्या खजिन्यातील निम्म्याहून अधिक धन सोने नव्हते, तो कागद होता आणि तोही ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच सहीचा.

डिसेंबर १८५७ मध्ये कानपूर पुन्हा जिंकल्यावर होप ग्रँटच्या फौजेने ब्रह्मावर्तातील वाडा उद्ध्वस्त केला आणि वाड्याच्या विहिरीचा उपसा करून मोठे द्रव्य व सोन्या-चांदीची भांडी बाहेर काढली. बैल लावून अनेक दिवस पाणी काढावे लागले. त्या कामावर राबलेल्या पलटणीतील फोर्ब्स-मिचेल या सैनिकाने पुढे आपल्या आठवणींत तक्रार केली आहे की, लाखो रुपये निघूनही शिपायांच्या हाती लुटीचा वाटा आला नाही. त्यातील बराचसा पैसा कानपूरच्या सरकारी तिजोरीतून गेलेला होता, अशी सबब देण्यात आली. सोने खासगी की सरकारी, हा १८१८ चा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिलेला दिसतो. नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले तेव्हा उरलेसुरले जवाहीर त्यांच्याबरोबर होते. त्यातील नवलखा हार जंगबहादूर राण्याकडे गेला आणि पुढे तो दरभंग्याच्या महाराजांकडे आला, असे सांगितले जाते.

वजनाचा हिशेब

या तिन्ही मतांना एक साधी कसोटी लावता येते. रुपयाचे वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम धरले तर एक कोटी रुपयांचे वजन ११५ टन होते. ‘नवकोट’ चांदीच्या नाण्यांत असते तर ते १,०३५ टन भरले असते. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलोच्या आतबाहेर ओझे धरले तरी सुमारे सव्वाआठ हजार बैलांचा तांडा लागला असता. तेवढेच द्रव्य सोन्यात, म्हणजे सोळा रुपयांस एक या भावाच्या सुमारे अकरा ग्रॅमच्या मोहरांत असते, तर वजन बासष्ट टनांच्या आसपास आणि बैल सुमारे पाचशे लागले असते. पाचशे बैल गडाच्या पायवाटेने चढवून, ओझे पुरून, पुन्हा उतरविण्यासाठी जेवढी माणसे लागतील तेवढ्यांनी पिढ्यान्पिढ्या गुपित राखणे मानवी स्वभावास धरून नाही.

लहान रकमा मात्र दडविता येतात. जुन्या घराच्या पायात सापडणारे पन्नास-शंभर नाण्यांचे मडके या कसोटीस सहज उतरते. दंतकथा या मडक्याला राजकोशाचे नाव देते, एवढेच.

सेंधव्याचा खजिना

सातपुड्यातील वाचकांना यापेक्षा जवळची एक घटना परिचित आहे. सेंधवा घाटाच्या बंदोबस्ताची नोकरी केलेले भिल्ल नायक खाज्या नाईक यांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरकडून मुंबईच्या दिशेने निघालेला सुमारे सात लाख रुपयांचा खजिना घाटात लुटला. भीमा नाईक हेही या उठावात त्यांच्याबरोबर होते. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. भिल्ल स्त्री-पुरुषांना मोठ्या संख्येने कैद करण्यात आले. पुढे भीमा नाईक यांना अंदमानात पाठविले गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

हा खजिना पेशव्यांचा नव्हता, कंपनीचा होता. तो रुपयांत, म्हणजे चांदीत होता आणि त्याचे वजन आठ टनांच्या जवळपास भरते. साठ-पासष्ट बैलांचे हे ओझे डोंगरात नेणे अशक्य नव्हते. तथापि शेकडो माणसांना महिनोन्‌महिने डोंगरात पोसणाऱ्या, दारूगोळा मिळविणाऱ्या नायकांना रोख पैशाची गरज होती. तो पुरून ठेवण्याची चैन त्यांना परवडण्याजोगी नव्हती. आंबापाणीला लढलेल्या माणसांनी हा पैसा बहुधा लढ्यातच खर्च केला. त्याला ‘पुरलेले सोने’ म्हणणे हे त्यांच्या लढ्यावर थोडेसे अन्याय करणारेच आहे.

गुप्तधनाचा शोध आणि कायदा

या चर्चेचा संबंध केवळ भूतकाळाशी नाही. गुप्तधनाच्या आशेने किल्ल्यांवरील टाकी, समाध्या, वीरगळ व मंदिरांचे गाभारे उकरले जातात. शिलालेख फुटतात, मातीचे थर ढवळले जातात आणि जो पुरावा अभ्यासकांना उपयोगी पडला असता तो कायमचा नष्ट होतो. रायगड व लोहगड हे केंद्र सरकारचे संरक्षित किल्ले असून जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत त्यांचा अंतर्भाव आहे. तेथे पहार मारणे हा गुन्हा आहे.

याहून भयंकर भाग नरबळीचा आहे. धनावर ‘राखण’ असते, ती शांत करावी लागते, या समजुतीचा फायदा भोंदू मांत्रिक घेतात आणि त्यांच्या हाती सापडतात ते प्रायः गरीब घरांतील लोक व मुले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा जलस्रोत शोधण्याच्या निमित्ताने केलेली अमानुष अघोरी कृत्ये या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे नोंदविली आहेत.

ज्याला खरोखरच जमिनीत धन सापडते त्याच्यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि तो पुष्कळांच्या समजुतीपेक्षा उदार आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण व दिनांक यांची लेखी खबर कलेक्टरला द्यावी लागते आणि धन सरकारी तिजोरीत जमा करावे लागते किंवा त्यासाठी जामीन द्यावा लागतो. चौकशीअंती त्या धनाला पूर्वीचा मालक नाही असे ठरल्यास आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसल्यास तीन-चतुर्थांश भाग शोधणाऱ्याला व उरलेला जमीनमालकाला मिळतो. सरकारला ते धन स्वतःकडे ठेवावयाचे असल्यास धातूच्या किमतीवर एक-पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. खबर न दिल्यास मात्र शोधणाऱ्याचा हक्क जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.